चुकून स्वस्तात मिळालेलं विमानाचं तिकीट कंपनीने कॅन्सल केलं तर काय करायचं

रात्री साडेअकराला भावाचा मेसेज आला, "झोपली नसशील तर आत्ताच्या आत्ता बघ". मुंबई ते फ्रँकफर्ट, जाऊन-येऊन, बिझनेस क्लास, दोघांचे मिळून ७१ हजार. एरवी एवढ्यात एकाचं इकॉनॉमी येतं आणि तेही सीझन नसेल तर. नवरा म्हणाला काहीतरी गडबड आहे, मी म्हणाले गडबड त्यांची आहे आपली नाही, आणि कार्ड काढलं. चौथ्या दिवशी सकाळी मेल: तांत्रिक चुकीमुळे चुकीचं भाडं दिसलं, बुकिंग रद्द केलंय, पैसे परत येतील, गैरसोयीबद्दल दिलगिरी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण शेवटी आमचं मिटलं. पण त्या चार दिवसांत मी हॉटेल बुक करून बसले होते, तेही नॉन-रिफंडेबल, पुढे ट्रेनची तिकिटं सुद्धा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात तसं आमचं खिडकीची सीट कोणाला यावरून भांडणही होऊन गेलं होतं.

त्यानंतरच्या सात-आठ महिन्यांत जे शिकले ते इथे लिहितेय. मी वकील नाही, पण कागद भरपूर वाचले आणि ग्राहक आयोगाच्या (कमिशनच्या) पोर्टलवर तक्रार स्वतः टाकली.

सगळ्यात आधी एक कडू गोष्ट गिळून टाका म्हणजे पुढचं सोपं जातं. ती सीट बहुतेक परत मिळणार नाही. भांडायचं ते त्या तिकिटावर विश्वास ठेवून तुम्ही जे पैसे घातले त्यासाठी. हॉटेल, जोडणारी फ्लाइट, व्हिसा फी, ट्रेन, वेबसाइटची कन्व्हिनियन्स फी. ही लढाई जिंकता येते. "मला त्याच भावात बिझनेस क्लासच पाहिजे" ही लढाई कंपनी स्वतःहून मान्य करत असेल तरच जिंकता येते.

आणि कंपन्या करतात बरं का कधीकधी मान्य. २०१९चं नवीन वर्ष उजाडलं तेव्हा कॅथे पॅसिफिकने व्हिएतनामच्या दा नांगहून अमेरिकेची बिझनेस आणि फर्स्टची तिकिटं मूळ किमतीच्या चिमूटभर भावाला विकली आणि चूक आमची, या बसायला, असं जाहीर करून टाकलं. चायना सदर्नच्या ॲपवर नोव्हेंबर २०२३ मध्ये दोनेक तास १०-३० युआनला तिकिटं जात होती, तीही त्यांनी चालवून घेतली. उलट ब्रिटिश एअरवेजने जून २०१८ मध्ये तेल अवीव आणि दुबईची तिकिटं रद्द करून १०० पौंडांचं व्हाउचर हातात टेकवलं. आणि आपल्या लोकांना लागू पडणारी जुनी गोष्ट म्हणजे ऑक्टोबर २००९, याच कंपनीवर अमेरिकेहून भारताचं मूळ भाडं ४० डॉलर दिसत होतं, लोकांनी घरदार जमवून बुकिंग केली, मग ती रद्द झाली आणि पुढच्या प्रवासावर ३०० डॉलर सूट देऊ केली. क्वांटासने ऑगस्ट २०२४ मध्ये मधला रस्ता काढला, ऑस्ट्रेलियाहून अमेरिकेचं फर्स्ट क्लास जवळजवळ ८५ टक्के कमी भावात गेलं होतं, सुमारे ३०० लोकांना सांगितलं की फर्स्ट नाही पण त्याच पैशात बिझनेसमध्ये बसा, नाहीतर सगळे पैसे परत घ्या. हा मधला रस्ता लक्षात ठेवा, पुढे मागणी लिहिताना उपयोगी पडतो.

पहिला तास: काय काय सेव्ह करायचं

मेल आला की आधी रागाने फोन करू नका, आधी पुरावा. कारण वेबसाइटवरचं "माय बुकिंग" पान कधी गायब होईल सांगता येत नाही, माझं दुपारपर्यंत रिकामं झालं होतं.

तुमच्याकडे फक्त पीएनआर आहे की तिकीट नंबरही आहे ते बघा. हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो. पीएनआर म्हणजे सहा अक्षर-आकड्यांचं बुकिंग, ते झालं म्हणजे तिकीट निघालं असं नाही. ई-तिकीट नंबर १३ आकडी असतो, पहिले तीन आकडे कंपनीचे (एअर इंडियाचे ०९८, ब्रिटिश एअरवेजचे १२५, एमिरेट्सचे १७६). तो नंबर आला असेल तर कंपनीने पैसे घेतले, तिकीट दिलं, सौदा पुरा झाला असं तुम्ही ठणकावून म्हणू शकता. नुसता पीएनआर आणि कार्डवर फक्त होल्ड पडलेला असेल (पैसे अडवून ठेवलेले, कापलेले नाहीत) तर केस बरीच हलकी होते.

तर ई-तिकिटाची पीडीएफ, पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज आणि स्टेटमेंट, बुकिंगच्या वेळचे स्क्रीनशॉट असतील तर ते, रद्द केल्याचा मेल (नुसता स्क्रीनशॉट नाही, मूळ मेल ठेवा, तारीख-वेळ त्यातच असते), आणि कंपनीच्या वेबसाइटवरच्या प्रवासाच्या अटींचं पान पूर्ण पीडीएफ करून. हे शेवटचं मी विसरले होते. बऱ्याच कंपन्यांच्या अटींत आता एक कलम असतं की उघडउघड चुकीचं भाडं असेल तर आम्ही तिकीट रद्द करू शकतो. तुम्ही घेतलं त्या दिवशी ते कलम होतं का, असेल तर किती दिवसांत कळवू असं लिहिलंय, हे महत्त्वाचं. पान नंतर बदललं तर इंटरनेट अर्काइव्हवर जुनी कॉपी सापडते कधीकधी.

कस्टमर केअरच्या चॅटमध्ये कोणी "तुमचं तिकीट कन्फर्म आहे, काळजी करू नका" असं लिहिलं असेल तर ते सोनं आहे, जपून ठेवा. कॅनडात फेब्रुवारी २०२४ मध्ये एका ट्रायब्युनलने एअर कॅनडाला चॅटबॉटने दिलेल्या चुकीच्या माहितीबद्दल पैसे द्यायला लावले, चॅटबॉट म्हणजे आम्ही नव्हे हा बचाव चालला नाही.

मग उत्तर द्या, त्याच मेलवर, त्याच दिवशी. दोन ओळी पुरतात: एकतर्फी रद्द करणं मला मान्य नाही, रिफंड आला तर तो माझे हक्क राखून घेतेय, माझा यावर झालेला खर्च मी वेगळा कळवते. कारण रिफंड तुम्ही मागितला नाहीत तरी तो खात्यात येऊन पडणारच आहे आणि नंतर कंपनी म्हणते बघा यांनी पैसे घेतले, विषय संपला. व्हाउचर देऊ केलं तर तर फारच जपून, क्लिक करण्याआधी खालची बारीक अक्षरं वाचा, "फुल अँड फायनल" लिहिलं असेल तर तुमच्या हॉटेलच्या पैशांवर तुम्ही स्वतःच पाणी सोडताय.

आणि लगेच हॉटेलला, ट्रेनवाल्यांना मेल टाका की प्रवास रद्द झालाय, पैसे किंवा तारीख बदलून मिळेल का. नाही म्हणाले तरी चालेल, तो नकारच पाहिजे असतो. आपल्या १८७२च्या करार कायद्यात कलम ७३ आहे, करार मोडल्यामुळे झालेलं नुकसान मिळतं, पण ते कमी करायला तुमच्या हातात काय होतं तेही बघितलं जातं. माझ्या ट्रॅव्हल इन्शुरन्सवाल्यांनी २५० रुपये कापून बाकीचे परत दिले, हॉटेलने साफ नाही सांगितलं. दोन्ही मेल मी तक्रारीला जोडले.

तुम्हाला माहीत होतं का?

इथे थोडं थांबते, कारण सगळी केस यावर फिरते आणि फोरवर्ड होणाऱ्या सल्ल्यांत हे कोणी सांगत नाही.

करार कायद्याचं कलम २२ आपल्या बाजूचं वाटतं. एकाच बाजूची चूक झाली एवढ्यावरून करार रद्द करता येत नाही असं ते म्हणतं. दोन्ही बाजू चुकल्या तर कलम २०, तेव्हा करारच राहत नाही. मग कंपनीची एकटीची चूक, आपण जिंकलो ना? तर नाही, इतकं सरळ नाही. समोरच्याची चूक आहे हे तुम्हाला कळत होतं आणि तुम्ही त्यावर झडप घातलीत, तर कोर्ट तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतं.

यावर सिंगापूरची एक केस फार गाजलेली आहे. जानेवारी २००३, एका वेबसाइटवर ३,८५४ सिंगापूर डॉलरचा लेझर प्रिंटर चुकून ६६ डॉलरला लागला. सहा मित्रांनी मध्यरात्री एकमेकांना उठवून मिळून १,६०६ प्रिंटर मागवले, ऑर्डर कन्फर्म झाल्याचे मेलही आले. कंपनीने द्यायला नकार दिला, हे कोर्टात गेले आणि हरले, २००४ मध्ये हायकोर्टात आणि २००५ मध्ये अपिलातही. कशामुळे हरले? त्यांची आपापसातली रात्रीची चॅट आणि मेल. ही चूक आहे हे त्यांना ठाऊक होतं असं त्यातून दिसलं. आपल्याकडच्या कमिशनवर तो निकाल बंधनकारक नाही पण समोरचा वकील तो काढू शकतो.

आता स्वतःच्या मोबाइलमध्ये बघा. "ग्लिच आहे, पटापट घ्या, उद्या बंद होईल" असं फॅमिली ग्रुपवर तुम्हीच टाकलंय का? माझ्या भावाने टाकलं होतं, नशीब मी खाली फक्त थम्ब्स-अप केलं. डिलीट करून पुरावा नष्ट करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, ते अंगाशी येतं. म्हणायचंय इतकंच की शपथपत्रावर खोटं लिहू नका. "मला ही ऑफर वाटली" हे खरं असेल तरच लिहा. सेलच्या दिवसांत ६० टक्के सूट सगळेच देतात, तेव्हा अर्ध्या किमतीचं तिकीट बघून कुणाला ऑफर वाटली तर त्यात नवल नाही. पण मुंबई-न्यूयॉर्क फर्स्ट क्लास ३ हजारांत बघून ऑफर वाटली हे कमिशनसमोर सांगताना तुम्हालाच हसू येईल.

आणि किती घेतली तेही बघतात. स्वतःच्या घरच्यांसाठी दोन-चार ठीक आहे. बारा तिकिटं घेऊन पुढे विकायचा बेत असेल तर ग्राहक कायद्यात तुम्ही "ग्राहक"च राहत नाही.

भारतात तक्रार कुठे, कोणत्या क्रमाने

सुरुवात कंपनीपासूनच. कस्टमर केअर नाही, वेबसाइटच्या तळाला नोडल ऑफिसर (तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी) आणि त्यावरच्या अपील अधिकाऱ्याचा मेल असतो, तिथे. तिकीट ट्रॅव्हल वेबसाइटवरून घेतलं असेल तर त्यांच्या ग्रीव्हन्स ऑफिसरलाही त्याच मेलमध्ये घ्या, नाहीतर तुमचा फुटबॉल होतो, हे म्हणतात एअरलाइनला विचारा, ते म्हणतात एजंटला विचारा. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत त्यात ग्रीव्हन्स ऑफिसरने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात तक्रार निकाली काढायची असं आहे.

त्याच नियमांत एक छान गोष्ट सापडली मला. नियम ४ मधलं आठवं पोटकलम. ग्राहकाने ऑर्डर रद्द केल्यावर कॅन्सलेशन चार्ज लावायचा असेल तर कंपनीने स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तसाच चार्ज कंपनीनेही सोसला पाहिजे. म्हणजे बघा, मी रद्द केलं असतं तर माणशी हजारो रुपये कापले असते, तुम्ही रद्द केलंत तर सॉरी? मी हे वाक्य जवळजवळ असंच नोटिशीत लिहिलं होतं. याने लगेच पैसे मिळतात असं नाही पण समोर वाचणारा माणूस जरा सरळ बसतो.

रिफंडसाठी डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम आहे, सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट, सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट २. क्रेडिट कार्डने दिलेले असतील तर सात दिवसांत परत, आणि पैसे क्रेडिट शेलमध्ये (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा) ठेवायचे की खात्यात घ्यायचे हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने नाही. फ्लाइट रद्द झाली की भरपाई मिळते तो वेगळा पार्ट ४, तो इथे फारसा लागू पडत नाही कारण फ्लाइट उडतेच आहे, फक्त तुम्ही त्यात नाही. काही जण त्याखाली भरपाई मागतात आणि पहिल्याच उत्तरात उडतात, म्हणून मागणी त्यावर उभी करू नका.

एअरसेवा हे विमान वाहतूक मंत्रालयाचं पोर्टल, ॲपही आहे. तिथे तक्रार टाकली की ती कंपनीच्या नोडल ऑफिसरकडेच जाते पण सरकारी नंबर पडतो. माझ्या बाबतीत तिथे तेच छापील उत्तर आलं आणि "रिझॉल्व्ह्ड" म्हणून बंद केली, मी फीडबॅकमध्ये असमाधानी टाकलं. तरी करा, पुढे दाखवायला होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीत बोलता येतं, तेही कंपनीला तक्रार पाठवतात. हे सगळं करायला महिना-दीड महिना जातो, त्याला इलाज नाही.

पैसेच परत आले नसतील तर कार्डाच्या बँकेकडे डिस्प्यूट टाका, बँक ३० दिवसांत ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. पण चार्जबॅक (बँकेने कंपनीकडून पैसे परत आणून देणं) फक्त तिकिटाच्या पैशांपुरता, हॉटेलचे पैसे विमान कंपनीकडून चार्जबॅकने येत नाहीत. आणि रिफंड आलेला असताना पुन्हा डिस्प्यूट टाकायचा आगाऊपणा नको.

मग नोटीस. वकिलाचीच पाहिजे असं काही नाही, साध्या कागदावर स्वतःच्या सहीने चालते, १५ दिवसांची मुदत देऊन, स्पीड पोस्टने आणि मेलने. परदेशी कंपनी असली तरी भारतात ऑफिस असतंच, मुंबई किंवा दिल्ली, तो पत्ता टाका. माझ्या नोटिशीत मागण्या तीन होत्या, उतरत्या क्रमाने. एक, त्याच पैशात त्याच तारखांना प्रवास. दोन, ते नसेल तर त्याच पैशात इकॉनॉमीत दोन सीट (इथे क्वांटासचं उदाहरण कामी आलं). तीन, तेही नसेल तर खर्चाची भरपाई, सोबत तक्ता: हॉटेल १९,८००, ट्रेन ६,१००, कन्व्हिनियन्स फी १,१८०, इन्शुरन्सची कपात २५०, एकूण २७,३३०. प्रत्येक आकड्याला पावती. आणि मानसिक त्रासाचे वेगळे, पण ते मी मोघम ठेवले. पाच लाख मानसिक त्रास लिहिलं की बाकीचा खरा हिशोबही वाचणाऱ्याला खोटा वाटायला लागतो.

ग्राहक आयोग

लोक इथे घाबरतात आणि कंपन्या त्याच भीतीवर चालतात. खरं तर २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आला तेव्हापासून बरंच सोपं झालंय. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो नाहीतर दोह्याला. सातारचा माणूस साताऱ्यातच दाखल करणार. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. लक्षात घ्या, नुकसान किती मागताय यावर नाही, तिकिटाला किती दिले यावर हे ठरतं, आणि आपलं तिकीट तर चुकून स्वस्तच होतं! मुदत दोन वर्षं, रद्द केल्याच्या तारखेपासून धरा.

दाखल करायला आता ई-जागृती पोर्टल आहे (जानेवारी २०२५ पासून, आधी ई-दाखिल होतं). अकाउंट काढायचं, तक्रार, शपथपत्र, कागदपत्रांची यादी, सगळं पीडीएफ. मी तक्रार मराठीत लिहिली, मेल वगैरे इंग्रजीत होते ते तसेच जोडले. स्क्रीनशॉटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र जोडा, म्हणजे हे माझ्या फोनमधून काढलंय, छेडछाड नाही असं लिहून द्यायचं. जुन्या कायद्यात यालाच ६५-बी म्हणायचे, नोटरीवाले अजूनही तेच म्हणतात.

विरुद्ध पक्षात विमान कंपनी आणि ट्रॅव्हल वेबसाइट दोघांनाही घाला. मुद्दा लिहिताना "सेवेतील त्रुटी" आणि "अनुचित व्यापारी प्रथा" हे दोन शब्द यायला हवेत. अटीच अन्यायकारक आहेत, म्हणजे कंपनीला वाटेल तेव्हा रद्द करायची मुभा आणि ग्राहकाला काहीच नाही, असा मुद्दा पूर्ण ताकदीने घ्यायचा असेल तर एक अडचण, "अनुचित करारा"ची तक्रार जिल्हा आयोग ऐकत नाही, राज्य किंवा राष्ट्रीय आयोगच ऐकतो. २७ हजारांसाठी कोण जाणार मुंबईला, म्हणून मी तो मुद्दा सोडला.

बरेच जण एकत्र अडकले असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांची मिळून एक तक्रार करता येते. आमचा असा एक ग्रुप झाला होता, ४० जणांचा, त्यात ३८ जण फक्त "काही अपडेट?" विचारायचे.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तराला ३० दिवस आणि वाढवून फार तर १५, म्हणजे ४५. त्यापुढे नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ते पक्कं केलंय. निकाल कायद्यात तीन महिन्यांत म्हटलाय, वाचून हसा आणि पुढे चला, तारखा पडतातच. पण बहुतेक वेळा कंपनीच्या दृष्टीने वकील पाठवण्याचा खर्च तुमच्या मागणीपेक्षा जास्त होतो आणि तिथेच बोलणी सुरू होतात.

तिकीट अमेरिकेतून घेतलं असेल तर

न्यू जर्सीतून, डॅलसमधून आईबाबांसाठी तिकीट काढणारे खूप आहेत म्हणून हे वेगळं. २०११ मध्ये तिथल्या परिवहन खात्याने नियम केला होता की एकदा पैसे घेतल्यावर भाडं वाढवता येणार नाही आणि चुकीचं भाडंही त्यात धरायचे, म्हणजे तेव्हा प्रवाशांची चंगळ होती. मग फेब्रुवारी २०१५ मध्ये युनायटेडच्या डॅनिश साइटवर चलनाच्या घोळामुळे लंडनहून अमेरिकेचं फर्स्ट क्लास शंभर डॉलरच्या आतबाहेर दिसायला लागलं, हजारो लोकांनी अमेरिकेत बसून देश डेन्मार्क निवडून घेतलं. युनायटेडने रद्द केलं आणि खात्याने कंपनीची बाजू घेतली, ती साइट अमेरिकन ग्राहकांसाठी नव्हतीच म्हणून. तेव्हा स्वस्त पडतं म्हणून दुसऱ्या देशाच्या साइटवर जाताना आपण कुठल्या कायद्याच्या छत्रीतून बाहेर पडतोय ते बघा.

त्यानंतर ८ मे २०१५ला खात्याने नवं धोरण काढलं, तेच आजचं हत्यार आहे. कंपनी चुकीचं भाडं रद्द करू शकते, पण चूक खरंच होती हे तिने दाखवायचं आणि प्रवाशाने तिकिटाच्या भरवशावर केलेला वाजवी, प्रत्यक्ष आणि पावतीने सिद्ध होणारा खर्च भरून द्यायचा. न परतणारं हॉटेल, टूर, जोडलेल्या दुसऱ्या फ्लाइटची कॅन्सलेशन फी, व्हिसा फी ही उदाहरणं त्यात दिलेली आहेत. त्यामुळे कंपनीला मेल करताना त्या तारखेचा उल्लेख करा, मग खात्याच्या वेबसाइटवर तक्रार. कंपनीने ३० दिवसांत पोच आणि ६० दिवसांत मुद्देसूद उत्तर द्यायला लागतं. तेही फसलं तर स्मॉल क्लेम्स कोर्ट, तिथे मात्र राज्याच्या ग्राहक कायद्याचं नाव काढू नका, १९७८च्या विमान कायद्यामुळे तो दावा उडतो. करारभंग म्हणा, तो टिकतो.

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथल्या नागरी कायद्यात चूक झाली तर करार मोडता येतो (कलम ११९), पण चूक कळल्याबरोबर, विनाविलंब सांगावं लागतं (१२१), आणि समोरच्याने विश्वास ठेवून केलेला खर्च द्यावा लागतो (१२२). फक्त चूक त्याला कळत होती किंवा कळायला हवी होती असं असेल तर नाही. म्हणजे फिरून परत आपण त्याच प्रश्नावर आलो, तुम्हाला माहीत होतं का. आणि महिनाभराने रद्द केलं असेल तर "विनाविलंब" हा शब्द धरून बसा.

पुढच्या वेळी

कारण पुढची वेळ येते, भावाचा मेसेज परत येणार आहे. स्वस्त तिकीट मिळालं तर घ्या, त्यात पाप नाही. पण दोन आठवडे तरी दुसरं काहीही न परतणारं बुक करू नका. हॉटेल फ्री कॅन्सलेशनवालंच, चार पैसे जास्त गेले तरी. तिकीट कोलंबोहून किंवा दा नांगहून असेल तर तिथपर्यंतची फ्लाइट थांबा आणि घ्या. शेंगेनची, म्हणजे युरोपच्या व्हिसाची फी ९० युरो आहे (जून २०२४ पासून) आणि व्हिसा मिळो न मिळो ती परत येत नाही, तेव्हा अपॉइंटमेंटची घाई करू नका. ऑफिसात रजाही टाकू नका, माझी मंजूर झालेली रजा परत घ्यायला मॅनेजरला सगळी गोष्ट सांगावी लागली आणि आता ते मला दर सोमवारी विचारतात काही स्वस्त आहे का म्हणून.

आणि तिकीट गेलं म्हणून चिडून त्याच तारखेचं दोन लाखांचं दुसरं तिकीट घेऊन फरक वसूल करू असा विचार आला तर पाणी प्या आणि झोपा. तो फरक मिळेल या भरवशावर मी तरी एक रुपया लावणार नाही.

आमचं असं झालं की आयोगाची नोटीस कंपनीला पोचली आणि तीन आठवड्यांनी दिल्लीहून एका बाईंचा फोन, मॅडम मिटवून टाकू. आधी १५ हजारांचं व्हाउचर म्हणाल्या, मी म्हटलं तुमच्याच विमानाचं व्हाउचर घेऊन परत तुमच्याच चुकीची वाट बघू का. मग १८ हजार रोख, मग २५. मी २५ला हो म्हटलं, २,३३० सोडले, कारण पुढच्या तारखेला रजा टाकावी लागणार होती. त्यांनी समझोत्याचा कागद पाठवला, त्यात लिहिलं होतं की आधी तक्रार मागे घ्या, मग ३० दिवसांत पैसे. तेवढं वाक्य उलटं करून परत पाठवलं. पैसे एका गुरुवारी आले, तक्रार मागे घेतल्याचा अर्ज मी शुक्रवारी टाकला.